स्वयंसेवकांच्या जोरावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम मागे पडू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगारी टीम नाही, पाठीशी मोठी कंपनी नाही, काम होतं ते रात्री नाहीतर सुट्टीच्या दिवशी. अशा ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीमवर जे काम करतात किंवा करू पाहतात, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. उत्तरांमध्ये माझी मतं आहेत आणि ती मी झाकून ठेवलेली नाहीत.

लिनक्स, विंडोज, मॅकओएस असताना आणखी एका ऑपरेटिंग सिस्टीमची गरज कुणाला आहे?

बहुतेक लोकांना नाही, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पण ओपनबीएसडी या छोट्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमकडे बघा. ती रोज वापरणारे लोक लिनक्सच्या मानानं अगदी थोडे. तरी याच लोकांनी १९९९ मध्ये सुरू केलेलं ओपनएसएसएच आज जगातल्या बहुतेक लिनक्स सर्व्हरवर चालतं. दूरच्या मशीनवर लॉगिन करणारा माणूस नकळत त्यांचंच काम वापरत असतो. तिच्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीमध्ये 'जेल' (प्रोग्रॅमना एकाच मशीनवर वेगळ्या बंद कप्प्यांत ठेवण्याची सोय) आली २००० साली; तशाच कल्पनेवरच्या कंटेनरचा बोलबाला व्हायला तेव्हा बराच अवकाश होता. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ ज्या सर्व्हरवरून घरोघरी जातात ते फ्रीबीएसडीवर चालतात, आणि प्लेस्टेशन ४ ची सिस्टीमही तिच्यातूनच घडवलेली आहे. सेरेनिटीओएस २०१८ मध्ये एका माणसानं सुरू केली. तिच्यासाठी लिहिलेला ब्राउझर २०२४ मध्ये लेडीबर्ड या नावानं वेगळा झाला, आणि आता दुसऱ्या कुणाचंही इंजिन न वापरणारा स्वतंत्र ब्राउझर म्हणून तो उभा राहतो आहे.

छोट्या प्रकल्पाला एक मोकळीक असते. कर्नल (सिस्टीमचा गाभा), लायब्ररी आणि रोजची साधनं एकाच ठिकाणी, एकाच गटाच्या हातात असतात, त्यामुळे एखादी कल्पना मुळापासून राबवून बघता येते. प्रोग्रॅमनं 'मला एवढेच अधिकार पुरेत' असं कर्नलला आधीच सांगायचं, ही ओपनबीएसडीतली 'प्लेज'ची सोय. ती आणताना त्यांनी आपल्याकडचे शेकडो प्रोग्रॅम स्वतः बदलले. शेकडो वेगवेगळ्या मालकांची मनधरणी करून हे कधी झालं असतं असं मला वाटत नाही.

आपण अजून उपयोगाचे आहोत की नाही, हे डाउनलोडच्या आकड्यांवरून कळतं का?

फारसं नाही. नव्या रिलीजची बातमी झाली की आकडा चढतो, थोड्याच दिवसांत ओसरतो. डाउनलोड करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या दिवशी तीच सिस्टीम पुन्हा सुरू केली, हे त्यात दिसत नाही.

माझ्या मते विचारायचा प्रश्न एकच: उद्या हा प्रकल्प बंद पडला तर कुणाचं काम अडेल? उत्तर नेमकं हवं. फ्रीडॉसला ते देता येतं. मायक्रोसॉफ्ट एमएस-डॉसचा अध्याय संपवणार हे दिसल्यावर १९९४ मध्ये एका विद्यार्थ्यानं तो प्रकल्प सुरू केला. डॉसवरच चालणारी जुनी यंत्रं, बायोस अपडेट, जुने गेम यांच्यासाठी ती आजही लागते, आणि २०२५ मध्ये तिची १.४ आवृत्ती निघाली. डॉसला आजच्या डेस्कटॉपसारखं करण्याच्या नादी न लागता त्यांनी ती डॉसच राहू दिली.

२००६ मध्ये नेटबीएसडी या त्याच घराण्यातल्या सिस्टीमच्या संस्थापकांपैकी एकानं जाहीर पत्र लिहिलं: प्रकल्प साचला आहे, त्याला कुणी विचारेनासं झालं आहे. दिशा आणि नेतृत्व नसणं हे त्यानं मूळ दुखणं सांगितलं. पत्राचा सूर कडवट होता, पण त्यातला प्रश्न खरा होता. नेटबीएसडी आजही चालू आहे, २०२४ मध्ये तिची १०.० आवृत्ती आली. तरीही ते पत्र प्रत्येक प्रकल्पानं अधूनमधून स्वतःला लावून बघावं असं आहे.

सगळ्यांसाठी सगळं केलं तर जास्त लोक येतील ना?

येत नाहीत. उलट आहेत ते दमतात.

मग सोडायचं काय?

ज्याची देखभाल करायला माणूस उरला नाही, ते. ओपनबीएसडीनं २०१४ मध्ये ब्लूटूथचा कोड काढून टाकला. तो नीट चालत नव्हता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. व्हॅक्स या जुन्या कॉम्प्युटर घराण्याचा आधार २०१६ मध्ये थांबवला. जुन्या ३२-बिट पीसीवर नव्यानं बसवण्याची सोय डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्सनं २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत बंद केली, आणि त्याच आवृत्तीत रिस्क-फाइव्ह या नव्या प्रोसेसर घराण्याला अधिकृत जागा दिली. प्रत्येक वेळी कुणीतरी नाराज झालं असणार. पण अर्धवट चालणारा कोड ठेवणं म्हणजे वापरणाऱ्याला दिलेलं खोटं आश्वासन. शिवाय त्यातल्या सुरक्षेच्या भोकांची जबाबदारी तुमच्यावर राहतेच.

अर्थात जे सोडायचं ते प्रकल्पाचा कणा नाही ना, हे आधी बघावं लागतं. नेटबीएसडीनं जुन्या आणि विचित्र मशीनचा आधार सरसकट काढला तर तिच्याकडे येण्याचं मोठं कारणच जाईल. हायकूचा जन्म बीओएस ही बंद पडलेली जुनी सिस्टीम परत आणण्यासाठी झाला, त्यामुळे तिच्या ३२-बिट आवृत्तीत जुने बीओएस प्रोग्रॅम चालावेत म्हणून अतिशय जुना कंपायलर (कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) अजून सांभाळला जातो. त्याची किंमत मोठी आहे. ६४-बिट आवृत्तीत त्यांनी ते ओझं घेतलं नाही, आणि मला ही वाटणी शहाणपणाची वाटते: ज्याला जुनं हवं त्याला जुनं मिळतं, पण नव्याची वाट अडत नाही.

नव्या लॅपटॉपवर वाय-फाय चालत नाही, ग्राफिक्स चालत नाही. ड्रायव्हरचं काय करायचं?

या दुखण्याला पुरून उरेल असा उपाय नाही. हार्डवेअर बनवणाऱ्या कंपन्या विंडोजसाठी ड्रायव्हर लिहितात, पुष्कळदा लिनक्ससाठीही आपली माणसं बसवतात. बाकीच्यांना जे आहे त्यातून मार्ग काढावा लागतो. दरवर्षी बाजारात येणाऱ्या प्रत्येक चिपसाठी स्वयंसेवकांनी नव्यानं ड्रायव्हर लिहायचे म्हटलं तर दुसरं काही होणारच नाही.

म्हणून उसनं घ्यायला शिका. हायकूनं मधे एक थर लिहिला आणि फ्रीबीएसडीचे नेटवर्क ड्रायव्हर जवळजवळ जसेच्या तसे वापरायला सुरुवात केली. पुढे ओपनबीएसडीचे वाय-फाय ड्रायव्हरही त्याच वाटेनं आले. खुद्द फ्रीबीएसडी इंटेल आणि एएमडीचे ग्राफिक्स ड्रायव्हर लिनक्समधून घेते, त्यासाठी लिनक्सकेपीआय नावाचा थर आहे. इथे परवान्याचा मुद्दा आड येतो. लिनक्स कर्नलचा परवाना जीपीएल (त्यातून घडवलेलं पुढेही त्याच अटींवर द्यायला लावणारा), त्यातला कोड बीएसडी परवान्याच्या कर्नलमध्ये सरळ मिसळता येत नाही. पण ग्राफिक्सचा बराच कोड सैल अटींच्या एमआयटी परवान्याखाली असल्यानं ते जमलं. परवाना निवडताना पुढे कुणाकडून काय घ्यावं लागेल याचा विचार पहिल्याच दिवशी करावा, तो यासाठी.

उसनवारीलाही व्याज असतं. लिनक्सच्या आतली रचना सतत बदलते, त्यामुळे मधला थर दर काही महिन्यांनी दुरुस्त करावा लागतो, आणि तुम्ही कायम काही आवृत्त्या मागे राहता. तरीही स्वतः सगळं लिहिण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट, आधी व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) सांभाळा. व्हर्टआयओचे, म्हणजे अशा मशीनमधल्या आभासी उपकरणांचे, ड्रायव्हर चांगले असले की कुणालाही आपल्या चालू कॉम्प्युटरवर, डिस्कला हात न लावता, तुमची सिस्टीम बघता येते. नंतर दोन-तीन लॅपटॉप मॉडेल निवडा, तीही मुख्य डेव्हलपरांकडे खरोखर असलेली. त्यांच्यावर झाकण मिटल्यावर झोपणं, उघडल्यावर जागं होणं, आवाज, वाय-फाय सगळं बिनचूक करा. ती नावं ठळकपणे जाहीर करा. 'कदाचित चालेल' अशा शंभर मशीनपेक्षा खात्रीच्या तीन मशीन नवख्याला जास्त धीर देतात.

ब्राउझर नसेल तर चालेल का?

सर्व्हरवर चालेल, डेस्कटॉपवर अजिबात नाही. माणसाचा दिवस ब्राउझरमध्ये जातो. आणि आजचा ब्राउझर आणायचा म्हणजे आधी एलएलव्हीएम (कंपायलर बांधायची साधनं), रस्ट भाषेचा कंपायलर, ग्राफिक्सचे थर हे सगळं तुमच्या सिस्टीमवर बांधता आलं पाहिजे. हायकूकडे वेबकिटवर आधारलेला वेबपॉझिटिव्ह आधीपासून होता; फायरफॉक्स चालू लागला तो २०२४ मध्ये. त्या एका पोर्टमुळे हायकूवर पूर्ण दिवस काढणं कितीतरी जणांच्या आवाक्यात आलं. नवं फाइल मॅनेजर लिहायला बसण्याआधी ही यादी एकदा बघा.

१.० आवृत्ती कधी काढावी? पूर्ण तयार झाल्यावर की ठरलेल्या तारखेला?

ठरलेल्या तारखेला. ओपनबीएसडी वर्षातून दोनदा रिलीज काढते, कित्येक वर्षं. तारीख पक्की असली की अपुरं काम आपोआप पुढच्या वेळेला ढकललं जातं, आणि त्यावर भांडण होत नाही. डेबियन 'तयार होईल तेव्हा' म्हणते, पण तिथेही साधारण दोन वर्षांचं चक्र आता अंगवळणी पडलेलं आहे.

हायकूचं काम २००१ मध्ये सुरू झालं, पहिली अल्फा (कच्ची चाचणी आवृत्ती) २००९ मध्ये आली. चौथी अल्फा २०१२ ची आणि पहिली बीटा (त्यापुढची, जास्त पक्की चाचणी आवृत्ती) २०१८ ची. मधली जवळजवळ सहा वर्षं कोड रोज सुधारत होता, रोजच्या बिल्ड मिळत होत्या, पण बाहेरच्या माणसाला प्रकल्प झोपल्यासारखा दिसत होता. पाचवी बीटा २०२४ मध्ये आली तेव्हा चित्र बरंच बदललं होतं. विंडोजचे प्रोग्रॅम चालवू पाहणाऱ्या रिअॅक्टओएसची ०.४.१४ आली २०२१ च्या डिसेंबरात आणि ०.४.१५ थेट २०२५ च्या मार्चमध्ये. दोन्हीकडे लोक जीव ओतून काम करतात. म्हणूनच वाटतं की त्यांचं काम लोकांना लवकर लवकर दिसावं.

नवे लोक येतात, एक पॅच (कोडमधला छोटा बदल) देतात आणि गायब होतात. असं का?

कारण बहुतेक वेळा त्यांचा पॅच तीन आठवडे कुणी उघडूनही बघत नाही. माणूस उत्साहात असतो तो पहिले दोन-तीन दिवस. त्या काळात 'पाहिलं, सविस्तर रविवारी सांगतो' एवढं उत्तर आलं तरी तो टिकतो. म्हणून माझ्या लेखी मोजायची गोष्ट पहिला पॅच देणाऱ्यांची संख्या नसून दुसरा पॅच देणाऱ्यांची आहे. पहिला कुतूहलापोटी येतो. दुसरा येतो तेव्हा त्या माणसाला इथे आपली दखल घेतली गेली असं वाटलेलं असतं.

सिस्टीम बांधायलाच आठवडा लागत असेल तर बाकी सगळे उपाय वाया. एक कमांड, एक व्हर्च्युअल मशीन, आणि तासाभरात आपण बदललेली ओळ पडद्यावर दिसली पाहिजे. कागदपत्रांचंही तसंच. फ्रीबीएसडीचं हँडबुक वाचून शिकलेली माणसं पुढे त्याच प्रकल्पात आली. ओपनबीएसडीत मॅन्युअलमधली चूक ही कोडमधल्या चुकीइतकीच बग मानतात, आणि ते योग्य आहे.

नव्या लोकांना मानधन देऊन ओपन सोर्सचं काम करवणाऱ्या, २००५ पासून चाललेल्या गूगल समर ऑफ कोडचा अनेक प्रकल्पांना फायदा झाला. मात्र उन्हाळा संपल्यावर मार्गदर्शकानं दोन महिने संपर्क ठेवला नाही तर विद्यार्थी जातो आणि त्याचा अर्धा कोड कुणीच घेत नाही. मार्गदर्शकाला वेळ नसेल तर त्या वर्षी अर्जच करू नये.

एखादी जुनी, सगळं माहीत असलेली व्यक्ती अचानक थांबली तर?

हा प्रश्न लोक टाळतात, म्हणून लांबून उत्तर देतो.

२००९ मध्ये सेंटओएस या लिनक्सच्या डेव्हलपरांना आपल्याच एका संस्थापकाला उद्देशून जाहीर पत्र लिहावं लागलं, कारण डोमेन आणि देणग्यांचे व्यवहार त्याच्या हाती होते आणि त्याच्याशी संपर्क होत नव्हता. पत्रानंतर तो प्रश्न सुटला. २०१८ मध्ये व्हॉइड लिनक्सचा मुख्य माणूस दिसेनासा झाला. डोमेन आणि कोड ठेवण्याची जागा दोन्हींच्या चाव्या त्याच्याकडे, त्यामुळे बाकीच्यांना नव्या जागी हलावं लागलं. दोन्ही प्रकल्प तरले, कारण तिथे इतर माणसं जागी होती.

एक्सझेडची गोष्ट याहून काळजीची. जवळपास सगळ्या लिनक्समध्ये असलेली ही छोटी लायब्ररी प्रत्यक्षात एक थकलेला माणूस सांभाळत होता. दोन वर्षांहून अधिक काळ कुणीतरी मदतनीस बनून त्याचा विश्वास कमावला, इतर खात्यांवरून 'काम दुसऱ्याकडे द्या' असा दबाव आला, आणि शेवटी त्या मदतनिसानंच आत चोरदरवाजा बसवला. तो २९ मार्च २०२४ रोजी उघडकीला आला, तोही एका इंजिनियरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावावासा वाटला म्हणून. थकलेला मेंटेनर ही त्याची खाजगी अडचण म्हणून सोडून देता येत नाही. ते सुरक्षेतलं भोक असतं.

करायचं ते साधं आहे आणि आजच करता येतं. डोमेन कुणाच्या नावावर आहे, रिलीजवर सही करायची डिजिटल चावी कुणाकडे, सर्व्हरचा रूट पासवर्ड, बँक खातं, सोशल मीडियाची खाती: प्रत्येकापुढे किमान दोन नावं लिहा. एकच नाव लिहिता आलं तर त्या ठिकाणी प्रकल्प एका माणसाच्या तब्येतीवर टेकलेला आहे. डेबियनमध्ये बेपत्ता मेंटेनरांची आस्थेनं चौकशी करून त्यांची पॅकेजं दुसऱ्यांकडे सोपवणारा वेगळा गट आहे. फ्रीबीएसडीत बराच काळ कमिट न केलेल्यांचा, म्हणजे कोडमध्ये बदल न घातलेल्यांचा, अधिकार काढला जातो, आणि परत आल्यावर तो पुन्हा मिळू शकतो. जाणं आणि परतणं दोन्ही बिनअपमानाचं असलं की लोक वेळेवर 'मी थांबतो' म्हणतात.

पैसा आला तर स्वयंसेवकांचा उत्साह जातो, हे खरं का?

काही अंशी. २००६ मध्ये डेबियनची रिलीज वेळेवर निघावी म्हणून डंक-टँक नावाच्या उपक्रमातून दोन रिलीज मॅनेजरांना पैसे द्यायचं ठरलं. इतर काहींना ते खटकलं, 'मग आम्ही फुकट का?' म्हणत त्यांनी हात आखडता घेतला, आणि डिसेंबरची रिलीज पुढच्या एप्रिलमध्ये निघाली. रागामागे आकड्यापेक्षा 'आम्हाला विचारलं नाही' ही भावना होती, असं मला वाटतं.

पण बिनपैशाचं चालतं हाही भ्रम आहे. २०१४ च्या जानेवारीत ओपनबीएसडीनं जाहीर केलं की सर्व्हरचं वीजबिल भरायला पैसे नाहीत; बिल होतं वर्षाला सुमारे २०,००० डॉलर. जगभरातल्या कंपन्या ज्यांचं ओपनएसएसएच वापरतात, त्यांची ही अवस्था. देणग्या आल्या, प्रकल्प वाचला. त्याच एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतलं हार्टब्लीड नावाचं मोठं भोक उघड झालं आणि तिचा कोड साफ करायला हेच लोक बसले. त्यातून लिब्रेएसएसएल तयार झालं.

कंटाळवाण्या, पण अडून राहिलेल्या कामांना पैसे द्यावेत आणि ते सगळ्यांना विचारून, असं माझं मत आहे. हायकूच्या ना-नफा संस्थेनं २०२१ पासून जुन्याच एका योगदात्याला कंत्राटावर पूर्णवेळ घेतलं; परका माणूस वरून आणला नाही. फ्रीबीएसडी फाउंडेशन २००० पासून आहे, आणि लॅपटॉपवरचं वाय-फाय, ग्राफिक्स, झोपवणं-जागवणं अशा कामांना ती आता पगार देते. शनिवारी संध्याकाळी हौसेनं कुणी करत नाही अशीच ही कामं.

दिसत नाही अशा कामाला लोक कसे मिळतील?

त्या कामाचं नाव रिलीजच्या घोषणेत सगळ्यात वर घ्या. ३२-बिट आकड्यात वेळ मोजणारं घड्याळ २०३८ मध्ये उलटणार आहे, म्हणजे आकडा संपून तारीख मागे उडी मारेल. ओपनबीएसडीनं ५.५ आवृत्तीत, २०१४ साली, आपला वेळ सगळीकडे ६४-बिट केला. डेबियननं २०२४ मध्ये त्यासाठी हजारो पॅकेजं नव्यानं बांधली. वापरणाऱ्याला पडद्यावर काहीही वेगळं दिसलं नाही.

मतभेद टोकाला गेले तर?

निर्णय कसा होईल हे भांडण सुरू होण्याआधी लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. डेबियनला १९९८ पासून लेखी घटना आहे, नेत्याची निवड दरवर्षी होते, मोठे प्रश्न सर्व डेव्हलपरांच्या मतदानानं सुटतात. २०१४ मधला सिस्टमडीचा (सिस्टीम सुरू करून तिच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) वाद अतिशय कटू होता. काही लोक बाहेर पडले, त्याच्याविना चालणारी डेव्हुआन ही वेगळी शाखा निघाली. पण डेबियन मोडली नाही. २०२२ मध्ये बंदिस्त फर्मवेअर (उपकरण चालवायला लागणारा, पण कोड खुला नसलेला प्रोग्रॅम) अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं की नाही यावर मतदान झालं आणि 'घ्यायचं' ठरलं. तत्त्वाला मुरड पडली, हे दुःख मी समजू शकतो. तरीही वाय-फायविना इन्स्टॉलर हाती आलेला नवखा मुक्त सॉफ्टवेअरपर्यंत पोचतच नव्हता, हेही तितकंच खरं.

वेगळं होणं नेहमी अपयश नसतं. ओपनबीएसडी नेटबीएसडीतल्या फुटीतूनच जन्मली.

एआयनं लिहिलेला कोड घ्यावा का?

२०२४ च्या एप्रिलमध्ये जेंटू या लिनक्सनं अशा योगदानाला बंदी घातली. मे महिन्यात नेटबीएसडीनं असा कोड परवान्याच्या दृष्टीनं संशयित धरायचा आणि आधी लेखी परवानगी घ्यायची असा नियम केला. छोट्या प्रकल्पात सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे तपासणाऱ्याचा वेळ. ज्याला आपल्याच पॅचमधली ओळ समजावून सांगता येत नाही त्याचा पॅच, तो कुठूनही आलेला असो, परत करावा.

मला प्रोग्रॅमिंग येत नाही. माझा काय उपयोग?

बग ट्रॅकरमध्ये जा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या तक्रारी घ्या, नव्या आवृत्तीवर तीच चूक अजून होते का बघा, आणि तसं लिहा. हे करायला डेव्हलपरांना कधीच सवड मिळत नाही. भाषांतर, मॅन्युअल, नवख्यांच्या शंकांना उत्तरं देणं, देणग्यांचा हिशेब या सगळ्यालाही माणसं कमीच असतात.

प्रकल्प थांबवायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

सुरक्षेची दुरुस्ती वेळेत देणारं कुणी उरलं नाही, आणि मदतीची उघड हाक देऊनही कुणी पुढे आलं नाही, तर ती वेळ आली. मग तसं स्पष्ट सांगा. लोक तुमच्या सिस्टीमवर त्यांचा डेटा ठेवून असतात. त्यांना शांततेतून अंदाज बांधायला लावू नका.

आधी वारसदार शोधा. ओरॅकल कंपनीनं ओपनसोलारिस या सिस्टीमचा उघडा विकास थांबवला तेव्हा २०१० मध्ये बाहेरच्यांनी इल्युमॉस सुरू केलं आणि ते आजही चालू आहे. हे शक्य झालं ते कोड मुक्त परवान्याखाली आधीच बाहेर असल्यामुळे. वारस मिळाला नाही तर शेवटची रिलीज काढा आणि तिच्यावर ही शेवटची असं ठळक लिहा. कोडचा पूर्ण इतिहास, बगची नोंद आणि कागदपत्रं सार्वजनिक संग्रहात ठेवा. कुठला भाग दुसऱ्या कुठल्या प्रकल्पात उपयोगी पडेल ते सुचवा. उरलेल्या देणग्यांचं काय केलं ते जाहीर करा. डोमेनची मुदत वाढवून ठेवा, कारण सोडून दिलेलं डोमेन कुणीही घेऊ शकतं आणि जुन्या वापरकर्त्यांना त्यावरून खोटे अपडेट जाऊ शकतात.